अवघड कादंबरी आणि तिचा 'सामान्य' वाचक

१९७४ साली अमेरिकेत टॉमस पिंचन यांच्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो' या कादंबरीची पुलित्झर पारितोषिकासाठी परीक्षकांनी शिफारस केली आणि पारितोषिक मंडळाने ती फेटाळली. हे पुस्तक वाचताच येत नाही, असा मंडळातल्या काहींचा आक्षेप होता. त्या वर्षी कादंबरीचे पारितोषिक कोणालाच दिले गेले नाही. आपल्याकडे इतका स्पष्टपणा सहसा आढळत नाही. पुस्तक वाचवले नाही तर आपण त्याला 'प्रयोगशील' म्हणतो, वाङ्मयेतिहासात त्याला अर्धे पान देतो आणि कपाटात ठेवून देतो. त्यामुळे मराठीतली अवघड कादंबरी सामान्य वाचकाला वाचता येते की नाही, हा प्रश्न उघडपणे फारसा विचारलाच जात नाही. शिक्षकांच्या खोलीत मात्र तो रोज विचारला जातो, आणि बहुधा उत्तर गृहीत धरूनच.

'उत्तरआधुनिक' हा शब्द मराठी समीक्षेत साधारण १९९०नंतर रुळला. चर्चासत्रांतून तो इतका फिरला, की तुटक कथन, अनेक निवेदक, लेखकाने मध्येच डोकावणे यांपैकी काहीही दिसले की शिक्का तयार असतो. येथे मी तो सैलपणेच वापरतो आहे. माझा प्रश्न दुसऱ्या शब्दाविषयी आहे. 'सामान्य वाचक' म्हणून ज्याच्या वतीने आपण बोलतो, तो आला कुठून?

तो आकाशातून पडलेला नाही. मराठी कादंबरीची सुरुवात पाहिली तर तिथे एकजिनसी गोष्ट नाहीच. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) विधवांच्या हकिगती, प्रवास आणि धर्मचर्चा शेजारी शेजारी नांदतात. ज्ञानकोशकार केतकरांच्या 'ब्राह्मणकन्या'मध्ये (१९३०) पात्रे मध्येच थांबून समाजशास्त्राचा खल करतात. गोष्ट अडली तरी केतकरांना त्याची फिकीर नाही. गोष्ट कुठेही अडता कामा नये, हा दंडक झाला तो प्रामुख्याने ना. सी. फडके यांच्या काळात. 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथातून त्यांनी लेखनतंत्राचा जो विचार मांडला, त्यातून नुसते लेखक घडले नाहीत, वाचकही घडला. सुरुवातीला कुतूहल, मध्ये गुंतागुंत, शेवटी उकल, आणि या सगळ्याला गुळगुळीत भाषेचे अस्तर. फिरत्या वाचनालयातून आठवड्याच्या बोलीने आणलेले पुस्तक वेळेत परत करायचे असते, हेही विसरू नये. एका दमात वाचून होणे हा गुण त्या व्यवहारात फार मोलाचा होता. असा हा वाचक शहरी, शाळा शिकलेला, बहुतांशी पांढरपेशा. त्याच्या सवयीला आपण पुढे 'वाचनीयता' हे सर्वसाधारण नाव दिले.

या सवयीला पहिला मोठा धक्का देण्याचा प्रयत्न बा. सी. मर्ढेकरांनी केला. 'रात्रीचा दिवस' (१९४२) ही कादंबरी संज्ञाप्रवाही पद्धतीचा मराठीतला जाणीवपूर्वक केलेला आरंभीचा प्रयोग म्हणून प्रत्येक इतिहासग्रंथात हजर असते. पाठोपाठ 'तांबडी माती' (१९४३) आणि 'पाणी' (१९४८) आल्या. मर्ढेकरांची कविता दुर्बोध म्हणून हिणवली गेली, पण ती वाचली गेली, पाठ झाली, तिच्यावरून भांडणे झाली. कादंबऱ्यांच्या वाट्याला तेवढे भांडणही आले नाही. याचे कारण माझ्या मते तंत्रात नाही. कवितेत मर्ढेकरांना अभंग-ओवीची लय हाताशी होती. वाचकाच्या कानाला ओळखीचे काहीतरी लागत होते आणि त्या आधाराने तो अनोळखी प्रतिमांतून पुढे सरकत होता. कादंबरीत तसा कानाचा आधार नाही. मनाचा प्रवाह आहे, पण तो कोणाच्या तोंडची मराठी बोलतो हे ऐकू येत नाही.

दुसरीकडे एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाति अशा तीन निवेदकांच्या तोंडून सांगितलेली आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आळीपाळीने बोलतात. एकच घटना वेगवेगळ्या तोंडून, वेगवेगळ्या बाजूने. पाठ्यपुस्तकातली लक्षणे लावायची तर हे 'विखंडित कथन' म्हणता येईल. तरीही या कादंबऱ्या अवघड आहेत असे कोणी म्हटल्याचे आठवत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही १९६७चाच. त्यानंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या अनुदानित वाचनालयांत 'मृत्युंजय' नाही असे कपाट शोधावे लागेल. म्हणजे अनेक निवेदक, मागेपुढे होणारा काळ, एकाच प्रसंगाची अनेक रूपे, हे सारे आपल्या सामान्य वाचकाने कधीच पचवले आहे. कर्णाचे पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. कोणासाठी हळहळायचे हेही ठाऊक असते. वाट कितीही वळली तरी गाव माहीत आहे.

म्हणून 'कोसला'चा (१९६३) प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाडे यांची ही पहिली कादंबरी काढली तेव्हा लेखक पंचविशीत होता. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग, वसतिगृह, मेस, पैशांचा घोळ, नापास होणे आणि गावी परतणे, एवढेच कथानक. त्यात उत्कर्षबिंदू नाही. नायक काही मिळवत नाही आणि भव्यपणे गमावतही नाही. मध्ये रोजनिशी येते, इतिहासलेखनाचे विडंबन येते. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द नको तिथे येऊन प्रत्येक विधानाची हवा काढून घेतात. फडक्यांच्या तंत्राने पाहिले तर हे पुस्तक कोसळायला हवे होते. प्रत्यक्षात ते आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढत राहिले, आणि १९६०नंतर महाविद्यालयात आलेल्या किती पिढ्यांनी त्याची भाषा आपापसांत बोलून पाहिली याची गणती नाही. कारण त्यात बोलणारा आवाज ओळखीचा होता. आणि मनीचा मृत्यू आहे. देवीच्या साथीत गेलेल्या धाकट्या बहिणीची ती पाने वाचताना 'वगैरे'च्या मागे लपलेला माणूस वाचकाला दिसतो. मग आधीची आणि नंतरची थट्टा त्याला वेगळी ऐकू येते.

आता वर्गातले सांगतो. महाळुंग्याच्या परिसरात शिकवणाऱ्याला 'सामान्य वाचक' शोधायला लांब जावे लागत नाही. एका बाजूला १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिलेले क्रीडासंकुल, दुसऱ्या बाजूला हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्या, मधून मुळा नदी. मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेले. वर्गात जमिनी विकलेल्या घरांतली मुले असतात, तशीच कामासाठी मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांतलीही. घरात पदवीपर्यंत पोचलेले बहुधा पहिलेच. मला अनेक वर्षे आढळत आले आहे, की या मुलांना 'कोसला'हून 'ययाति' अवघड जाते. कथा त्यांना कळते, पण खांडेकरांचे एकेक उपमांनी लगडलेले वाक्य त्यांना शब्दकोशाकडे पाठवते, आणि दोन पानांनंतर कोश मिटतो, पुस्तकही मिटते. 'कोसला'त मेसच्या हिशेबापाशी ती हसतात. इतिहासाच्या विडंबनापाशी अडतात हे खरे. तो भाग मी मोठ्याने वाचून दाखवतो, कारण ज्याची थट्टा चालली आहे ती बखरीची आणि पाठ्यपुस्तकाची भाषा कानावर पडल्याशिवाय थट्टा कळत नाही. तेव्हा 'सोपे' आणि 'अवघड' हे शब्द वापरताना आपण बहुधा आपल्याच घरातल्या कपाटाकडे पाहत बोलतो.

येथे कोणी म्हणेल, की आपल्या लोकपरंपरेत तर हे सारे होतेच. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' सुट्या सुट्या लीळांचे बनलेले आहे, कीर्तनकार आख्यान सोडून भलतीकडे जातो आणि परत येतो, तमाशातला सोंगाड्या राजाच्या भूमिकेतून बाहेर पडून प्रेक्षकांशी बोलतो. हा युक्तिवाद मला आवडतो, पण अर्धाच पटतो. कीर्तनकाराचे विषयांतर कुठे परतणार आहे याची श्रोत्याला खात्री असते. कर्णाच्या गोष्टीत होती तीच खात्री. अवघड कादंबरी नेमकी तीच काढून घेते.

श्याम मनोहर यांच्या कादंबऱ्यांत हे सर्वांत स्वच्छ दिसते. 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव...' (१९८३), 'कळ' (१९९६), 'खूप लोक आहेत' (२००२), आणि साहित्य अकादमी पुरस्कार (२००८) मिळालेली 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००६). यांतली वाक्ये तिसरीतल्या मुलाला वाचता येतील अशी आहेत. छोटी, घरगुती, उपमांवाचून. कुटुंब, नोकरी, जेवण, झोप, शेजारी. अडणारा शब्द जवळजवळ नाही. तरीही चांगला सराईत वाचक तीस-चाळीस पानांनंतर पुस्तक खाली ठेवतो आणि विचारतो, "यातून काय सांगायचे आहे?" भौतिकशास्त्र शिकवलेल्या या लेखकाचे सारे कुतूहल एका ठिकाणी एकवटलेले दिसते: आपल्या माणसांना, आपल्या घरांना काही जाणून घ्यावेसे का वाटत नाही? आणि तो हा प्रश्न भाषण करून मांडत नाही. मोठी घटना आणि किरकोळ घटना तो एकाच आवाजात सांगतो. यांतले महत्त्वाचे कोणते, हे ठरवण्याचे काम वाचकावर येते, आणि ते काम करण्याची सवय आपल्याला शाळेने, मालिकांनी, कथाकादंबऱ्यांनी कधी लावलेली नाही. हा अवघडपणा भाषेचा नाही, म्हणून तळटीपा देऊन तो सुटत नाही.

सगळ्या अवघड पुस्तकांची गोष्ट एकच नाही, हेही म्हटले पाहिजे. कमल देसाई यांच्या 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' (१९७५) या लघुकादंबऱ्या मला प्रत्येक वाचनात नव्याने अडवतात आणि तरी सोडवत नाहीत. विलास सारंग यांची 'एन्कीच्या राज्यात' (१९८३) इराकमध्ये घडते, पण परका देश हा तिचा अडसर नव्हे. थंडपणा आहे, आणि तो हेतुपूर्वक आहे. उलट गेल्या दोन-तीन दशकांत अशीही पुस्तके आली, ज्यांत तुकडे आहेत कारण तुकड्यांची चलती होती. नावे घेत नाही. अवघडपणा हा गुण नाही, इतके विद्यार्थ्यांसमोर बोलण्याचे धाडस आपण केले तर चांगल्या अवघड पुस्तकांचे भलेच होईल. नेमाड्यांच्या 'हिंदू'बद्दलही (२०१०) तसेच मोकळेपणाने बोलता यायला हवे. इतक्या जाड पुस्तकाला इतकी मागणी आली हे विशेष. पण विकत घेणारे आणि खंडेरावाबरोबर अखेरपर्यंत जाणारे, या दोन संख्या एक आहेत असे मला वाटत नाही.

खरा धोका वाचकाकडून नाही, आपल्याकडून आहे. अभ्यासक्रमात अशी कादंबरी लागली की बाजारात गाईड येते, आणि आपण त्याच्याशी स्पर्धा करीत फळ्यावर 'उत्तरआधुनिकतेची लक्षणे' लिहून देतो. उत्तरपत्रिकांत ती लक्षणे जशीच्या तशी उतरतात. मी तपासलेल्या कित्येक उत्तरपत्रिकांत 'विखंडित कथन' होते आणि कादंबरीतले एकही पात्र नावाने आलेले नव्हते. पुस्तक न उघडता त्याच्यावर पंधरा गुणांचे उत्तर लिहिता येते, अशी सोय जिथे आपणच केली आहे, तिथे 'हे मुलांना झेपत नाही' असे म्हणण्याचा आपला अधिकार कितपत उरतो?

अलीकडे मी क्रम बदलला आहे. आधी श्याम मनोहरांच्या 'बिनमौजेच्या गोष्टी'तली एखादी कथा वर्गातच वाचतो, मग 'कोसला', आणि 'कळ' ऐच्छिक, गुणांशिवाय. 'कळ' पुरी करणारे वर्षाला चार-पाच निघतात. अर्ध्यावर सोडणाऱ्यांकडून सोडण्याचे कारण एका पानात लिहून घेतो. त्यांतल्या एकाने लिहिले होते, की घरी मालिका चालू असते तेव्हा कोणाचा राग यायला हवा हे संगीतच सांगते, इथे कोणी सांगत नाही, म्हणून मी चिडलो आणि पुस्तक ठेवले. पुढच्या ओळीत त्याने पान क्रमांक दिला होता, जिथे चिडला तिथला.