नवे स्पीकर घेण्याआधी जुन्यांची जागा बदलून पाहा!

नागपुरात जरीपटक्यातल्या एखाद्या घराचा 12 फूट लांबीचा हॉल घ्या. स्पीकर कोपऱ्यात, सोफा भिंतीला टेकलेला. गाणं लावलं की बेस घुमतो, शब्द दबतात. दोष बहुतेकदा स्पीकरचा नसून जागेचा असतो. 12 फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 47 हर्ट्‌झचा आवाज फुगतो. कोपरा तो आणखी वाढवतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधा. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. सोफाही थोडा पुढे घ्या, पण अगदी मधोमध नको. तिथे हाच बेस हरवतो. आणि फरक तपासताना कूलर बंद ठेवा, त्याच्या घरघरीत बारकावे ऐकू येत नाहीत.