आधी प्रमाण, मग अभिमान

जैन दर्शनात प्रमाणाला फार मोठे स्थान आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात प्रमाण व नय ही तत्त्वे जाणण्याची साधने म्हणून सांगितली आहेत. इतिहासाच्या क्षेत्रात याच विचाराची कसोटी पाहणारा वाद मराठीच्या आद्य शिलालेखाविषयी झाला.

श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या पायथ्याशी नागरी लिपीत दोन मराठी ओळी आहेत. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही पहिली. दुसरीत गंगराजाने मूर्तीभोवतीचा प्राकार करविल्याची नोंद आहे. चावुंडरायांनी ही मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. त्यावरून पहिली ओळ इ. स. ९८३ ची व मराठीतील सर्वांत जुनी, असे पाठ्यपुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून दीर्घकाळ सांगितले गेले.

परंतु या ओळींत शकाचा उल्लेख नाही. गंगराज हा होयसळ नरेश विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असल्याने दोन्ही त्याच काळात कोरल्या गेल्या, असे अभ्यासकांनी दाखविले. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी अक्षी येथील लेखाचा शक ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला, त्या वाचनावरही पुढे मतभेद झाले. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडल येथील लेखात मात्र शक ९४० (इ. स. १०१८) आहे.

यामुळे बाहुबलींच्या मूर्तीची थोरवी तिळमात्र उणी होत नाही. तोच आशय तेथे कन्नड व तमिळ भाषांतही कोरलेला आहे. या तीर्थाने मराठीला त्यांच्या पंक्तीत बसविले, हा गौरव निर्विवाद आहे. उलट, न टिकणारा एक सन पुढे केला, तर प्रतिपक्ष आपल्या खऱ्या विधानांवरही शंका घेतो. खतावणीतील एक नोंद खोटी निघाली की संपूर्ण वहीवरचा विश्वास उडतो, तसेच हे आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यातही असा आदर्श आहे. जैन श्रमणसंघाच्या इतिहासावर ग्रंथ लिहिणारे डॉ. शां. भा. देव १९६९-७० साली पवनीच्या उत्खननात अग्रभागी होते. तेथे बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले आणि त्यांनी तसेच नोंदविले. पुराव्याने जे सांगितले, तेच त्यांनी लिहिले.

आपल्या मंदिरांतील मूर्तिलेखांचे संवत, प्रतिष्ठाकारांची नावे आणि जुन्या वह्या यांच्या नकला आजच करून ठेवल्या, तर पुढील पिढीला अभिमानासोबत प्रमाणही लाभेल.