अत्याचारपीडितेवरील उपचार आणि रुग्णालयांचे कर्तव्य

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर तत्काळ आणि मोफत उपचार करण्याचे स्पष्ट बंधन भारतातील सर्व रुग्णालयांवर २०१३ साली आले. त्याआधी रुग्णालयाचे काम मुख्यतः पुरावा गोळा करण्याचे मानले जाई. पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय अनेक ठिकाणी तपासणी होत नसे आणि खासगी रुग्णालये ‘पोलीस केस’ म्हणून हात झटकत.

या रिवाजाला पहिला धक्का न्यायालयांनी दिला. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. हे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. २००० साली कर्नाटकातील एका खटल्यात, पोलिसांचे पत्र नाही म्हणून पीडितेची तपासणी नाकारणाऱ्या सरकारी रुग्णालयाबद्दल न्यायालयाने नापसंती नोंदवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ साली घातलेल्या कलम १६४-अ ने तपासणीसाठी पीडितेची संमती आवश्यक ठरवली आणि पोलिसांना खबर मिळाल्यापासून २४ तासांत तिला डॉक्टरकडे पाठवण्याचे बंधन घातले.

मुंबईत ‘सेहत’ या संस्थेने २००८ पासून महापालिकेच्या तीन रुग्णालयांत तपासणीबरोबर उपचार आणि समुपदेशन देण्याची पद्धत रुजवली.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि कायदा बदलला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या नव्या कलम ३५७-क नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार करावेत आणि पोलिसांना लगेच कळवावे, असे ठरले. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला दंड संहितेच्या कलम १६६-ब ने एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवली.

उपचार म्हणजे काय, हे आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत उलगडले. जखमांवरील उपचार, तातडीचे गर्भनिरोधक, लैंगिक संसर्ग व एचआयव्ही यांवरील प्रतिबंधक औषधे आणि मानसिक आधार हे सारे त्यात आले. तपासणी किंवा पोलीस तक्रार नको असली तरी उपचार थांबवता येत नाहीत. पोलिसांना कळवण्यास पीडितेचा नकार असल्यास तो लेखी नोंदवायचा असतो. योनिमार्गात दोन बोटे घालून केली जाणारी ‘टू-फिंगर’ चाचणीही या सूचनांनी बाद केली. तरीही ती सुरू राहिल्याने, ती करणे हे गैरवर्तन ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

१ जुलै २०२४ पासून उपचाराची सक्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आणि शिक्षेची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० मध्ये आहे.