हद्दीवरचा धूर : वाहतूक-उत्सर्जनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

वाहतुकीतून होणारे कार्बन उत्सर्जन कमी करायचे तर सरकार, शहर आणि व्यापार-उद्योग यांना एकत्र यावे लागते. ते कसे येतात, कुठे अडतात आणि अडलेले पुन्हा कसे सुटते, याचा अभ्यास आता एक स्वतंत्र विषय झाला आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन शेनझेन किंवा लंडनपासून सुरू होते. मराठी वाचकाने मात्र बडनेऱ्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. हा विषय ज्या गाठींचा बनला आहे, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या इथे दहा-बारा किलोमीटरच्या आत सापडतात.

जगात ऊर्जेच्या वापरातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण एक चतुर्थांश वाहतुकीतून येतो. भारतात हा वाटा एक अष्टमांशाच्या आसपास आहे आणि त्यातला फार मोठा भाग रस्त्यावरचा आहे. हे आकडे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. पण त्यावरून नवा अभ्यासक असे समजतो की धूर गाडीतून निघतो, म्हणून गाडी बदलली की काम झाले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. धुराचा बराच मोठा हिस्सा दोन कार्यालयांच्या हद्दी जिथे भेटतात तिथे तयार होतो आणि तो कोणाच्याच वहीत चढत नाही.

बडनेऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरचे हे जंक्शन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. भुसावळ ते बडनेरा मार्गाचे विद्युतीकरण १९८९-९० मध्ये झाले आणि बडनेरा ते वर्धा मार्गाचे १९९०-९१ मध्ये. इथून एक फाटा अमरावतीला जातो, दुसरा मार्ग मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातून नरखेडला. पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून आहे. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान जाऊ लागले. आणि जुनी वस्ती, नवी वस्ती धरून सगळे बडनेरा अमरावती महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची, शहर बस महापालिकेची, रिक्षाचा परवाना परिवहन कार्यालयाचा आणि ट्रक खासगी मालकाचा, असा हा संसार.

बडनेऱ्याचे महत्त्वच मुळी अशा एका भागीदारीतून आले. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी नागपूरला पोचली, पण तिचा मार्ग अमरावती आणि खामगाव या दोन्ही मोठ्या बाजारपेठा बाजूला ठेवून गेला. ज्या कापसासाठी लोहमार्ग टाकला, त्याचीच पेठ रुळांपासून दूर राहिली. मग सरकारी खर्चाने दोन फाटे बांधले गेले. जलंब-खामगावचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला आणि बडनेरा-अमरावतीचा १८७१ मध्ये. पैसा सरकारचा, गाडी चालवणार कंपनी आणि माल भरणार पेठेतला व्यापारी. हेतू अर्थातच मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस वेळेत मिळण्याचा होता. त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे हित कोणी पाहिले नव्हते. तरी कामाची रचना नजरेत भरते. मुख्य मार्ग आणि पेठ यांच्यामधला तुकडा कोणी बांधायचा, हा प्रश्न त्यांनी सोडवला होता.

आज तोच तुकडा, उलट्या दिशेने, पुन्हा प्रश्न होऊन बसला आहे. मुंबईहून विजेच्या इंजिनाने सहाशेहून अधिक किलोमीटर आलेला प्रवासी बडनेऱ्याला उतरतो. फाट्यावरची गाडी त्या वेळेला असेल तर ठीक. नसेल तर स्थानकाबाहेर रिक्षा उभ्या असतात. राजकमल, इर्विन, पंचवटी असा अमरावतीतल्या चौकांचा पुकारा चालू असतो. पहिली सवारी बसते, दुसरी बसते आणि शेवटची जागा भरेपर्यंत रिक्षा हलत नाही. घाई असलेला माणूस तिला सोडून पुढची रिक्षा एकट्यासाठी करतो. कोणाला घ्यायला घरून दुचाकी येते, म्हणजे दहा किलोमीटर रिकामी येते आणि भरून परत जाते. यात रिक्षावाल्याचा दोष नाही. भरल्याशिवाय निघणे त्याला परवडत नाही. दोष आहे तो रेल्वेचे वेळापत्रक आणि शहर बसचे वेळापत्रक एका टेबलावर न येण्याचा. या अभ्यासक्षेत्रात अशा जागांना फार मान आहे, कारण इथे नवी गाडी विकत न घेताही उत्सर्जन कमी करता येते.

याउलट उदाहरणही जवळच आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्या कामगारांचे आणि अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण अभ्यासक म्हणून त्यातून जे शिकायचे ते असे की निर्णय, पैसा आणि कंत्राट एका हातात असले की वऱ्हाडातही काम विक्रमी वेगाने होते. गाडी आणि बस यांची वेळ जुळवायला डांबर लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. तरी ते होत नाही, कारण त्यासाठी चार सह्या लागतात.

धोरणांच्या कागदावर अमरावती मागे नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि औरंगाबाद यांच्याबरोबर अमरावतीलाही लक्ष्य-शहरांत घेतले होते. या सहा ठिकाणी २०२५ पर्यंत सार्वजनिक वाहतुकीचे २५ टक्के विद्युतीकरण करायचे आणि अमरावतीत ३० चार्जिंग केंद्रे उभारायची, असे त्यात ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १०,००० विजेच्या बसगाड्यांची ‘पीएम ई-बस सेवा’ मंजूर केली. प्रामुख्याने ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी असलेल्या या योजनेच्या चौकटीत अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे बसतात. बस कंपनीची, चालवणार कंपनी आणि महापालिका तिला किलोमीटरप्रमाणे पैसे देणार, अशी ही पद्धत आहे.

इथे वाचकाने थोडे थांबावे, कारण या क्षेत्राचा गाभा इथे आहे. किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे ठरले, पण महापालिकेने बिल थकवले तर? ही भीती कंपनीला असते आणि तिला कर्ज देणाऱ्या बँकेला त्याहून जास्त. भीती असली की व्याज वाढते, व्याज वाढले की दर वाढतो, दर वाढला की महापालिका बस घेत नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने सुमारे ३,४३५ कोटी रुपयांची ‘पेमेंट सुरक्षा यंत्रणा’ मंजूर केली. महापालिकेने पैसे चुकवले तर त्या निधीतून कंपनीला मिळणार आणि नंतर ते वसूल होणार. बॅटरीच्या शोधाइतकीच ही तरतूद मोलाची आहे, असे मी मानतो. शेनझेनने २०१७ च्या अखेरीस आपल्या सोळा हजारांवर बसगाड्या विजेवर आणल्या, त्यामागेही अनुदान आणि भाडेकरार यांची अशीच जुळणी होती.

आता मालाकडे वळू. वऱ्हाडात कापसाच्या गठाणीचा हिशेब सर्वांना समजतो, म्हणून तोच घेतो. एक गठाण १७० किलोची, एका मोठ्या ट्रकमध्ये १०० गठाणी, म्हणजे १७ टन. अमरावतीच्या जिनिंगमधून न्हावाशेवा बंदरापर्यंत ढोबळमानाने ६८० किलोमीटर धरू. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर गेला तर १७० लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एकूण साधारण ४५५ किलो, म्हणजे गठाणीमागे साडेचार किलो. परतीचे भाडे मिळाले नाही आणि ट्रक रिकामा आला, तर लिटरला साडेपाच किलोमीटर धरूनही आणखी ३३० किलो वाढतात. गठाणीमागचा आकडा पावणेआठवर जातो.

या वाढीव सव्वातीन किलोंचा धनी कोण? जिनिंगवाला म्हणेल, माझी बिल्टी बंदरापर्यंतची. मोटर मालक म्हणेल, परतीचा माल दलालाने द्यायला हवा होता. निर्यातदाराच्या ताळेबंदात ते दिसतच नाहीत. २०२३ मध्ये आलेले ‘आयएसओ १४०८३’ हे आंतरराष्ट्रीय मानक यासाठीच महत्त्वाचे आहे. मालवाहतुकीचे उत्सर्जन मोजताना रिकाम्या फेऱ्याही धराव्या लागतील, असे ते सांगते. अमेरिकेत २००४ पासून चालणारा ‘स्मार्टवे’ आणि आपल्याकडे नीती आयोगाने सुरू केलेले ‘शून्य’ व ‘ई-फास्ट’ हे उपक्रम माल पाठवणारा आणि वाहणारा यांना एकत्र बसवण्याच्या प्रयत्नांतूनच आले आहेत. नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. तिथले कारखाने उभे राहत असतानाच येणारा आणि जाणारा माल एकमेकांशी जोडून घेतला, तर रिकाम्या फेऱ्या जन्मालाच येणार नाहीत. नंतर हे करणे दसपट महाग पडते.

रेल्वेचे नाव यात सर्वात वर असायला हवे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या मालाचा फार मोठा वाटा रेल्वेकडे होता. तो आता तिशीच्या खाली आला आहे आणि २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय रेल्वे योजनेत आहे. हे शक्य आहे, याची चुणूक १४ ऑक्टोबर २०२० रोजी दिसली. नागपूरहून दिल्लीच्या आदर्शनगरला संत्र्यांची किसान रेल निघाली. भाड्यातली ५० टक्के सवलत अन्नप्रक्रिया मंत्रालयाच्या ‘ऑपरेशन ग्रीन्स’मधून आली. पण बागायतदाराला फक्त भाडे दिसत नाही. बागेतून स्थानकापर्यंतची हमाली, डब्यात माल चढवायला मिळणारा वेळ आणि दिल्लीत उतरल्यावर मंडीपर्यंतची गाडी हे सगळे त्याला मोजावे लागते. ट्रक बागेच्या बांधावर येतो आणि मंडीच्या दारात उभा राहतो. रेल्वेला जिंकायचे असेल तर ही दोन टोके कोणीतरी सांभाळली पाहिजेत.

हद्दीवरच्या भांडणात काय गमावले जाते, हे पाहायचे असेल तर मूर्तिजापूरला जा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही आपली शकुंतला, सुमारे १९० किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी, किलिक निक्सनच्या खासगी कंपनीच्या मालकीच्या मार्गावर सरकारी रेल्वे चालवत राहिली. मार्ग एकाचा, गाडी दुसऱ्याची. रुळांवर पैसा घालायला दोघांपैकी कोणालाही कारण उरले नाही. शेवटी गाडी थांबली आणि तिचे प्रवासी रस्त्यावर आले. गरिबाची गाडी गेल्याचे दुःख वऱ्हाडात आजही आहे, आणि ते अभ्यासाच्या पुस्तकातही यायला हवे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. स्वच्छ वायू सर्वेक्षण २०२५ मध्ये ३ ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण ते सर्वेक्षण मुख्यतः धूळकण आणि त्यांवरच्या उपायांचे असते. रस्ता झाडला, कडेला फरशी बसवली की धूळ कमी होते. कार्बन होत नाही. दोन्ही मोजमापे वेगळी ठेवावीत. दुसरे म्हणजे वीज. पारस आणि नांदगाव पेठ इथली औष्णिक केंद्रे कोळशावर चालतात. कोळशाच्या विजेवरची बस रस्त्यावरचा धूर लगेच थांबवते, पण हवामानाला तिचा पूर्ण लाभ वीज स्वच्छ होईल तसतसाच मिळेल. एका बसने चाळीस दुचाकी घरी ठेवल्या, तर तो लाभ मात्र आजच्या विजेवरही मिळतो.

तेव्हा वाचकहो, या क्षेत्रात आपले स्वागत आहे. अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, कायदा, भूगोल यांपैकी कशाचेही विद्यार्थी असाल तरी इथे काम आहे. एसटीच्या वाहकाला, अडत्याला, नगरसेवकाला आणि मोटर मालकाला तर आहेच. बडनेऱ्याचे राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ यांच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. बडनेरा स्थानकावर एक आठवडा पाळीपाळीने उभे राहा. प्रत्येक गाडीतून किती जण उतरले, किती जण फाट्याच्या गाडीने, किती बसने, किती रिक्षाने आणि किती दुचाकीने गेले, आणि बसने गेलेल्यांना किती मिनिटे थांबावे लागले, एवढेच लिहा. मग तो तक्ता रेल्वेच्या विभागीय कार्यालयात, महापालिकेत, एसटीच्या आगारात आणि परिवहन कार्यालयात एकाच दिवशी द्या, आणि चौघांना एका खोलीत बोलवा.