मे आय कम इन, सर?

मी आयुष्यात बोललेलं पहिलं इंग्रजी वाक्य 'मे आय कम इन, सर?' हे. यात माझी काही विशेष कर्तबगारी नाही. मराठी शाळेतून गेलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, बहुतेक जण हेच सांगतील. उरलेले मागच्या दाराने वर्गात शिरणारे असतील.

मराठीत मूल पहिल्यांदा बोलतं ते 'दे', 'नको', 'माझं'. परवानगीबिरवानगी पुढची गोष्ट, आणि तीही एखादा धपाटा बसल्यावरची. इंग्रजीत मात्र आम्ही उंबरठ्यावर उभे राहून, हात पुढे करून, आत घ्या हो म्हणतच शिरलो. त्यावर मास्तर 'येस' म्हणायचे आणि आम्ही 'थँक्यू, सर' म्हणून जागेवर जाऊन बसायचो. एकदा आम्ही चौघे उशिरा पोचलो आणि मास्तरांची तब्येत बिघडलेली असावी, ते 'नो' म्हणाले. 'नो'च्या पुढचा धडा अजून झाला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, एका सुरात 'थँक्यू, सर' म्हणालो आणि आत जाऊन बसलो. पुढचा भाग मराठीत झाला.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या समोरच्या वहिनी. मी 34 वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा कुणाला काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नव्हतं. एका दुपारी वहिनी वही-पेन घेऊन आल्या. मुलगा ओहायोत, सून तिकडचीच, अमेरिकन. तिला दिवस गेलेले. वहिनींना बाळंतपणासाठी जायचं होतं आणि हातात सहा आठवडे होते.

"सर, मला तेवढ्यात इंग्रजी येईल का हो?"

मी म्हटलं, "येईल की. आपण 'कॅन'पासून सुरुवात करू." आणि नातवाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, आय कॅन स्विम. मी पोहू शकते.

"असं कोण म्हणतं?" वहिनी म्हणाल्या. "मला पोहता येतं, असं नाही का म्हणायचं?"

"तेच ते."

"तेच कसं? आता बघा. मला पुरणपोळी येते. उद्या पाहुणे आले तर करायला जमेल. दहा माणसांची करू शकते. पण हल्ली तासभर उभं राहून लाटवत नाही. या चारी ठिकाणी तुमचं 'कॅन'च?"

मी हो म्हणालो. वहिनी जरा वेळ पाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गरीब आहे हो भाषा."

इतक्या वर्षांत हे माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं, हेही खरं. 'लाटवत नाही', 'चढवत नाही' याला मराठी व्याकरणात शक्य क्रियापद असं भारदस्त नाव आहे. अंगात येत असून अंगच साथ देत नाही, एवढी मोठी गोष्ट मराठी माणूस एका 'व'मध्ये उरकतो. मराठीला व्याकरणबिकरण असतं हे इंग्रजी शिकलेल्यांना पटवण्याचं काम दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी केलं. मेकॉलेसाहेबाने आपलं ते प्रसिद्ध टिपण 2 फेब्रुवारी 1835 ला लिहिलं आणि हिंदुस्थानात सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. दुसऱ्याच वर्षी, 1836 मध्ये, दादोबांनी मराठी भाषेचं व्याकरण छापलं. वेळ साधणं याला म्हणतात.

पण घराघरात जे तर्खडकर पोचले ते हे नव्हेत. ते द्वारकानाथ राघोबा. त्यांची भाषांतर पाठमाला आमच्या वडिलांच्या पेटीत होती. एकीकडे इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी करा. एकीकडे मराठी, त्याचं इंग्रजी करा. किती पिढ्या त्यावर इंग्रजी शिकल्या! त्या उपकारांना नावं ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु भाषांतराच्या वाटेवर जा-ये दोन्ही बाजूंनी होते, हे आमच्या लक्षात आलं नाही. 'कॅन' म्हणजे शकणे, हे इतकं घोटलं की आता बँकेत नोकरीला लागलेला चिरंजीव मॅनेजरच्या दारात 'मी आत येऊ शकतो का?' म्हणून विचारतो. अरे, पाय धड आहेत ना? मग शकतोस! 'आत येऊ का?' हे चांगलं तीन शब्दांचं मराठी त्याला परकं झालंय.

आमची ही आतून म्हणाली, "त्यांना विमान पकडायचंय. तुम्ही त्यांना तर्खडकरांच्या घरी कुठे घेऊन चाललात?"

खरं होतं. पण मला इतिहास सांगितल्याशिवाय शिकवता येत नाही. ('येत' नाही. जमतं, पण येत नाही.) म्हणून मी वहिनींना सांगून टाकलं की 'कॅन' हा शब्द मुळात गरीब नव्हता. हजार वर्षांमागच्या इंग्रजीत 'कुनान' असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ 'जाणणे'. ज्याला ठाऊक, त्याला येतं. म्हणजे आपल्या 'पोहता येतं'चा हा सख्खा भाऊच. आणि अंगातल्या जोराला शब्द होता 'मागान', तोच आजचा 'मे'. ज्या 'मे'ने आपण हात जोडून परवानगी मागतो, तो मूळचा पैलवान! पुढे 'मे' परवानगीच्या खात्यात बदलून गेला, त्याची जागा 'कॅन'ने घेतली, आणि एकोणिसाव्या शतकात 'कॅन' परवानगीच्या खात्यातही खुर्ची टाकून बसला. 'कुड'मधला 'एल' तर 'वुड' आणि 'शुड' या शेजाऱ्यांकडे आहे म्हणून यानेही आणून बसवलेला. उच्चारात त्याचं काही काम नाही. आपल्याकडे शेजाऱ्याने फ्रीज घेतला म्हणून फ्रीज घेतात, तसं.

वहिनींनी यातलं काही वहीत उतरवलं नाही. पण 'कॅन म्हणजे आधी ठाऊक असणं' हे ऐकून त्यांनी मान डोलावली होती, ते मला नंतर आठवलं.

दुसरा धडा परवानगीचा. इथे माझं पितळ उघडं पडायची भीती होती, कारण वर्गात मी एक घाणेरडी खोड पाळली होती. एखादं पोर कासावीस होऊन 'कॅन आय गो आऊट, सर?' म्हणालं की मी म्हणायचो, 'यू कॅन, बट यू मे नॉट.' वर्ग हसायचा. ते पोर पायावर पाय आवळून 'मे आय' म्हणेपर्यंत मी खिडकीबाहेर बघायचो. आधार रेन अँड मार्टिनचा. कॅन म्हणजे सामर्थ्य, मे म्हणजे परवानगी. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि 1924 मध्ये त्याने 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी पलटणीची कादंबरी लिहून जगभर नाव काढलं. व्याकरणातली शिस्त त्या पलटणीतली असावी असा मला संशय आहे. मी पोरांना अडवून धरत होतो तेव्हा खुद्द इंग्लंडात लोक बिनदिक्कत 'कॅन आय' म्हणत होते, हे मला फार उशिरा कळलं.

पण आम्हा लोकांचा 'मे'वर एवढा जीव का, हे वडिलांच्या कागदपत्रांवरून समजतं. मुंबई विद्यापीठ निघालं 1857 मध्ये, पहिली मॅट्रिक झाली 1859 मध्ये, आणि त्यानंतर इंग्रजी म्हणजे सरकारी नोकरी, नोकरी म्हणजे अर्ज. वडील कचेरीत कारकून होते. तापाच्या रजेचा अर्ज ते असा लिहीत की वाचणाऱ्याला कणकण यावी. 'आय बेग टु स्टेट' पासून 'आय हॅव द ऑनर टु बी, सर, युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' पर्यंत. गंमत म्हणजे ही ओबीडियंट सर्व्हंटगिरी मोठमोठे गोरे साहेबही एकमेकांना लिहीत. त्यांच्या लेखी तो नुसता मायना होता, आपल्या 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'सारखा. कागदावर साष्टांग घालणाऱ्या आपल्या पूर्वजांपैकी कुणी खरोखर जमिनीवर आडवा झाला नसेल. वडील मात्र ते इंग्रजी वाक्य मनापासून लिहीत. ते गेल्यावर मी त्यांच्या अर्जांच्या नकला चाळल्या. 'आय बेग' होतं, 'आय रिक्वेस्ट' होतं, 'आय रिमेन' होतं. 'आय कॅन' मला एकाही कागदावर सापडलं नाही.

वहिनींना मी 'मे आय' शिकवलं. मे आय ओपन द विंडो? मे आय सिट हिअर? त्यांनी ते झटक्यात उचललं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि बाळाला घेऊ का, हे कसं विचारायचं?"

"मे आय होल्ड द बेबी?"

"हे विचारावं लागेल?"

मी काही बोललो नाही.

"माझ्या सासूबाईंनी कधी विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं, असं आता वाटतं. लिहून द्या."

मी लिहून दिलं.

तिसऱ्या धड्याला मी नव्या पद्धतीचा अवलंब केला. युरोपात 1975 मध्ये व्हॅन एक नावाच्या गृहस्थांनी कौन्सिल ऑफ युरोपसाठी यादीच केली होती की परक्या मुलुखात माणसाला भाषेतून कायकाय करावं लागतं : परवानगी मागणं, विनंती करणं, नकार देणं. आधी व्याकरण नाही, आधी गरज. आमच्याकडे हे वारं आलं तेव्हा एका शिबिरात आम्हा पन्नाशीच्या मास्तरांना हॉटेलातले वेटर आणि गिऱ्हाईक व्हायला लावलं होतं. माझ्या वेटरने शेवटी मलाच बिल मागितलं. पण पद्धत चांगली. मी वहिनींची सून झालो.

"मीठ मागा," मी म्हटलं.

"गिव्ह सॉल्ट."

"प्लीज म्हणा. कुड यू प्लीज पास द सॉल्ट?"

"घरच्या माणसाला?"

शेक्सपिअरच्या काळचे लोक 'प्रे' म्हणायचे, म्हणजे जवळजवळ प्रार्थनाच. 'इफ इट प्लीज यू' म्हणजे आपली मर्जी असेल तर, हे वाक्य झिजत झिजत नुसतं 'प्लीज' उरलं. आपल्याकडे त्याच्या जोडीला 'कृपया' आहे, पण तो फक्त पाटीवर असतो. 'कृपया येथे थुंकू नये.' घरात कुणी 'कृपया मीठ द्या' म्हणालं तर भांडण झालंय असं समजावं. आपण म्हणतो, 'तेवढं मीठ द्या हं', 'जरा बघता का?' सगळी विनंती त्या 'तेवढं'त. काम लहान आहे, तुम्ही माझे आहात, नाही म्हणायला जागाही आहे.

"मग 'तेवढं'ला इंग्रजीत काय?" वहिनींनी विचारलं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. पुढच्या वेळी विमान होतं.

पोचल्याचा फोन आला. विमानतळावर साहेबाने पासपोर्ट मागितला आणि वहिनींच्या डोक्यातून सगळं उडालं. तोंडातून शाळेतलंच वाक्य आलं, "मे आय कम इन, सर?" साहेब हसला म्हणे, आणि म्हणाला, "यू मे, मॅम." रेन अँड मार्टिनप्रमाणे बिनचूक.

खरी परीक्षा पुढे झाली. बाळ आठ दिवसांचं असताना सुनेने विचारलं की रात्री तुम्ही त्याला बघाल का? वहिनींना म्हणायचं होतं, मला सगळं येतं, पण आता जागवत नाही. त्या म्हणाल्या, "आय कॅनॉट." सुनेला वाटलं, यांना मूल सांभाळता येत नाही. तिने मुकाट्याने पैसे देऊन बाई ठेवायची चौकशी सुरू केली. दोन मुलं वाढवलेली बाई! दोन दिवस वहिनी जेवल्या नाहीत. मुलगा कामात. शेवटी स्वतःच सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आय नो बेबी. डे, आय नो. नाइट, बॉडी नो."

सुनेला कळलं. तिने बाळ उचलून त्यांच्या हातात दिलं.

"व्याकरण चुकलं ना, सर?" वहिनी फोनवर विचारत होत्या.

हजार वर्षांपूर्वी ते बरोबर ठरलं असतं, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं. कारण लगेच म्हणाल्या, "ते राहू द्या. 'तेवढं'चं काय झालं? तिला सांगायचंय, खिडकी तेवढी लाव म्हणून. थंडी येते बाळाला."

मी रेन अँड मार्टिन काढून बसलोय. तिसरा दिवस आहे आज. ही म्हणते, तिकडे त्यांनी एव्हाना उठून लावली असेल.