जुनेराचा इतिहास: टाकलेलं, दिलेलं आणि विकत घेतलेलं

आजच्या विषयाची पाटी वाचून दारातच एका स्नेह्यांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून जुन्या कपड्यांचा धंदा कधी सुरू केलात?" त्यांना आम्ही म्हटलं, आत या, मग सांगतो. दोन्हींत तुम्हाला वाटतं तेवढं अंतर नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जुनं शरीर टाकून नवं धारण करतो. हा दृष्टान्त आम्ही वर्गात तीसेक वर्षं शिकवला. आत्म्याबद्दल मुलांनी पुष्कळ प्रश्न विचारले. पण टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय होतं, हे कोणी विचारलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही. ते कोण उचलतं? कोणाच्या अंगावर जातं? आणि ते अंगावर घेणाऱ्याला काय वाटतं? आज या टाकलेल्या वस्त्राच्या मागे मागे जाऊ.

आधी एक कबुली. सत्तरच्या दशकात अध्यापकाच्या जागेच्या मुलाखतीसाठी आम्हाला कोट हवा होता. नवा शिवायला पैसे नव्हते. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक करडा लोकरीचा कोट घेतला, शिंप्याकडून बाह्या आखूड करून घेतल्या. आत कॉलरपाशी धोब्याची काळ्या शाईतली खूण होती, ती काही गेली नाही. कोट उत्तम होता. जागा मिळाली. पुढे कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, "मामांनी दिलाय." आता बघा, स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू आम्ही दुसऱ्यानं दिलेली म्हणून सांगत होतो! खरेदीची लाज वाटत होती, दानाची नाही. ही उलटी लाज आली कुठून? या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे.

यंत्रं येण्याआधी कापड ही फार महाग गोष्ट होती. एका विणकराचा माग चालू ठेवायला अनेक हात दिवसभर सूत कातत असत. त्यामुळे कपडा ही मालमत्ताच होती. युरोपात मृत्युपत्रात कपड्यांची नोंद होई, कपडे गहाण पडत, चोरीला जात, नोकरांना पगाराबरोबर मालकाचे कपडे मिळत आणि ते विकून पैसा करत. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंसाठी वेगळी वस्ती, म्हणजे घेट्टो, ठरवून दिली गेली. बहुतेक धंदे त्यांना बंद होते, जुन्या कपड्यांचा व्यापार मात्र करू दिला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री मेह्यूनं लंडनच्या गरिबांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात पिशवी घेऊन गल्लोगल्ली फिरणारे जुने-कपडेवाले आणि पेटिकोट लेनचा बाजार अगदी डोळ्यांसमोर उभा राहतो. शहरातल्या सामान्य माणसासाठी 'कपडे घेणं' म्हणजे बहुधा जुनेच कपडे घेणं होतं.

आपल्याकडेही हेच, फक्त घराघरांतून. लुगडं मधोमध विरलं की तेवढा भाग कापून काठाकडचे मजबूत तुकडे जोडायचे, याला 'दंड घालणं' म्हणत. तेही विरलं की त्याचं जुनेर. जुनेराची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, शेवटी चुलीपाशी फडकं. जरीचं लुगडं फाटलं तरी जर विकली जाई, कारण तिच्यात चांदी असे. अनेक घरांत जन्मलेल्या बाळाच्या अंगाला पहिला स्पर्श होतो तो आजीच्या मऊ जुनेराचा. नवं कापड टोचतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं.

पाली विनयग्रंथात याची सुंदर कथा आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचं हा भिक्षू करणार काय? आनंद सांगतो: ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं? पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांचे अभ्रे. मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून त्याचं लिंपण करू. राजा खूश होतो आणि आणखी पाचशे वस्त्रं देतो. आज ज्याला पुनर्वापर म्हणतात त्याचा याहून नेटका आराखडा आम्ही वाचलेला नाही.

त्याच परंपरेत 'पांसुकूल' आहे. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून भिक्षू त्याचं चीवर करत. आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा दहावा अध्याय ठेवा. तिथे चांडाळांनी मृतांची वस्त्रं वापरावीत असा नियम आहे. कापड तेच, स्मशानही तेच. मग एक वैराग्याची खूण आणि दुसरी अपमानाची, असं का? भिक्षूनं ते निवडलं होतं. दुसऱ्यावर ते लादलं होतं. आमच्या मते जुन्या कपड्याच्या इतिहासाचं मर्म इथं आहे. कपडा कितीदा धुतला गेला याला महत्त्व नाही. तो अंगावर घेणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का, हे बघायचं.

म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ला महाडला मनुस्मृती जाळली गेली त्या परिषदेत डॉ. आंबेडकर स्त्रियांशी काय बोलले ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लुगडं इतर स्त्रियांसारखं नेसा, जातीची खूण पटवणारे जड दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. वस्त्राला ठिगळं असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या, आणि काय ल्यावं-नेसावं हे दुसरं कोणी तुम्हाला ठरवून देऊ शकत नाही, असा त्यांचा आशय होता. ठिगळाला त्यांचा विरोध नव्हता. ठरवून देण्याला होता.

त्याआधी सहाच वर्षं, ३१ जुलै १९२१ला, मुंबईत परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. त्यावर रवींद्रनाथांनी आक्षेप घेतला: जे कापड जाळायचं ते माझं नाहीच, ज्यांना त्याची अतोनात गरज आहे त्यांचं आहे. गांधीजींचं उत्तर असं की उघड्या माणसाला काम हवं असताना त्याला कपडे देणं हा त्याचा अपमान आहे, त्याच्या आश्रयदात्याची भूमिका आपण घेणार नाही, टाकलेले कपडे तर नाहीच देणार. वर्गात आम्ही हा वाद मांडायचो तेव्हा मुलं दोन गटांत वाटली जात. आमचा कौल रवींद्रनाथांकडे असे. धडधडीत कापड जाळायचं?

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. गावाकडून आलेला, फारसा न बोलणारा. म्हणाला, "सर, आमच्या आईला वाड्यावरून जुनेर मिळायचं. सणाला ते नेसून वाड्यावर दाखवायला जावं लागायचं. मी पहिल्या कमाईतून जुन्या बाजारात शर्ट घेतला. तोही कोणाचा तरी वापरलेलाच होता. पण भाव मी केला. तो माझा होता."

वर्ग शांत झाला. आमच्या अंगावर त्या दिवशी तोच करडा कोट होता. तेव्हाही आम्ही काही बोललो नाही, ही आजची खरी कबुली. आमच्या लाजेचं मूळ त्यानं दाखवून दिलं होतं. दुसऱ्याचा कपडा घालणं हे खालच्याचं लक्षण, ही शिकवण शतकानुशतकं मुरली होती, आणि मामांचं नाव घेऊन आम्ही आपलं वरचं स्थान राखत होतो. त्या मुलानं मात्र देणं आणि विकणं यातला फरक स्वतः जगून ओळखला होता. दानात घेणाऱ्याची मान खाली जाते. बाजारात दोघे समोरासमोर उभे राहतात.

आपल्या दारावर येणारी बोहारीण आठवा. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेला गाठोडं. ती पँट उजेडाकडे धरून बघते, शिवण ओढून बघते, "ताई, एवढ्यावर पातेलं नाही येत, अजून एक साडी टाका" म्हणते. तिला आपण उपकार म्हणून काही देत नाही, आणि तीही आपल्यावर उपकार करत नाही. घासाघीस म्हणजे बरोबरीची कबुलीच. तिनं नेलेले कपडे निवडले, दुरुस्त केले, इस्त्री केले जातात आणि पुन्हा बाजारात येतात. या साखळीत कितीतरी घरांच्या चुली पेटतात.

मग जुना कपडा विकत घेण्याचे फायदे कोणते? पैसे वाचतात, हे उघड आहे. त्याच पैशात चांगलं कापड मिळतं, कारण जे टिकलं तेच बाजारात पोचलेलं असतं. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. तो कपडा आणखी पाच वर्षं चालला तर ते पाणी आणि कापूस पिकवणाऱ्याची मेहनत आणखी पाच वर्षं कामी येते. आणि चौथा फायदा त्या विद्यार्थ्यानं सांगितला तो: कमी पैशातही निवड आपली राहते.

पण निवड हीच कसोटी धरली, तर ती देशांनाही लावायला हवी. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली इथे १८१३च्या सुमाराला बेंजामिन लॉ यानं लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढलं. आज आपल्या पानिपतला जगभरचे जुने स्वेटर येतात, रंगांप्रमाणे निवडले जातात, बटणं कापून, पिंजून त्यांची ब्लँकेटं होतात. हा झाला उद्योग. पण २०१६ साली पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी बाहेरून येणारे जुने कपडे थांबवायचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेचा दबाव आला. रवांडानं कर वाढवला आणि तो मागे घेतला नाही, म्हणून २०१८मध्ये त्याच्या कपड्यांना अमेरिकेत मिळणारी करसवलत स्थगित झाली. नाही म्हणता न येणं हे तेच वाड्यावरचं जुनेर, फक्त जहाजातून आलेलं. म्हणून गाठोडी दूर पाठवून पुण्य मिळवण्यापेक्षा आपण कमी घ्यावं, जवळच्या बाजारातून घ्यावं, आणि भाव करून घ्यावं.

तो करडा कोट आमच्याकडे बावीस वर्षं होता. कोपरं गेली तेव्हा बोहारणीला दिला. त्याच्यावर एक चहाचं गाळणं आलं, ते अजून आहे. कोणी विचारलं तर आता सांगतो: कोट जुन्या बाजारातला होता, भाव आम्ही केला होता.