जलसमाधीची कुळकथा

किला गेटापाशी, गुजरी महालाकडून हाथी पोळीकडे चढत जाणाऱ्या वाटेच्या पायथ्याला, एका कबाड्याच्या तराजूत परवा कोणाच्या तरी आजीचा बंब चढला, आणि तांबे निराळे, लोखंड निराळे असा त्याचा निकाल पाच मिनिटांत लागला, तेव्हा समुद्र न पाहिलेल्या या ग्वाल्हेर शहराच्या एका जहाजाची मला आठवण झाली.

पहिल्या महायुद्धात माधवराव शिंदे सरकारांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेतले आणि ‘लॉयल्टी’ या दरबारी नावाने ते रुग्णनौका म्हणून सेवेस रुजू केले. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद प्रभृतींच्या सिंदिया कंपनीकडे ते आले. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले, तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण खुद्द जहाज मात्र 1923 मध्ये मुंबईतच मोडीत निघाले.

निवृत्त जहाजाला दुसरीही गती असू शकते हे कोळ्याला पूर्वापार ठाऊक होते, कारण बुडालेल्या गलबताच्या आसऱ्याला मासा धरतो. त्या जाणिवेला सरकारी हुकमाचे रूप आले ते 1972 मध्ये, जेव्हा दुसऱ्या महायुद्धातील ‘लिबर्टी’ जहाजे बुडवून कृत्रिम खडक करण्यासाठी किनाऱ्यावरील राज्यांना देण्याचा कायदा अमेरिकेने केला. त्याच सुमारास फ्लोरिडाच्या समुद्रात सुमारे 20 लाख टायर टाकले गेले. त्यांची बंधने तुटली आणि ते प्रवाळांवरच आदळू लागले! समुद्रात काहीही टाकले म्हणजे खडक होत नाही. म्हणूनच तेल, तारा, विषारी रंग खरवडून काढल्यावाचून जहाज बुडवू नये असा दंडक पडला. 2006 मध्ये ‘ओरिस्कनी’ ही प्रचंड विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ बुडविली, तेव्हा ती अवघ्या 37 मिनिटांत तळाशी गेली.

आपल्याकडे निवृत्त विमानवाहू ‘विराट’साठी कोकणातल्या निवतीच्या समुद्राची योजना 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केली, परंतु 2020 मध्ये ती नौका मोडीत निघण्यासाठी अलंगच्या वाटेला लागली. तिची हुकलेली जागा ‘गुलदार’च्या वाट्यास यावयाची होती. 1985 मध्ये पोलंडात नौदलात दाखल झालेली, बिबट्याचे हिंदी नाव मिरविणारी, सुमारे 84 मीटर लांबीची ही नौका 12 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाली, आणि निवती रॉकजवळ बुडवून तिचे जलसंग्रहालय करण्याच्या तजविजीने पुढील वर्षी विजयदुर्गास आणली गेली. तळाशी गेलेल्या पोलादावर आधी शेवाळाचा बुळबुळीत थर, मग कालवे आणि स्पंज, आणि पोकळ्यांतून गोबरा, तांबोशी, असा बिऱ्हाडांचा क्रम असतो.

वादळात फुटलेल्या जहाजालाही आपली वृत्तपत्रे ‘जलसमाधी’ देतात, हे मला नेहमी खटकते; समाधी ही घेतली जाते, गाठली जात नाही. अंगावरचा मळ उतरवून, दिवस ठरवून तळाशी जाणाऱ्या नौकेलाच तो शब्द शोभतो.

हे सारे कबाड्याला सांगितले. त्याने एकच विचारले, “कितने टन का था, भाईसाहब?” ‘गुलदार’ अकराशेच्या वर, म्हणालो. बंबाची तोटी हातात धरून तो बराच वेळ तराजूच्या रिकाम्या पारड्याकडे पाहत राहिला.